सत्तरीच्या रानात दिसलेल्या ‘लिली’ : नावं सांगाल का?

रानभूल | ७ जुलै, रात्री ९:४०

मंडळी, आज आम्ही सहा जण गोव्यातल्या सत्तरीत भटकून आलो. वाळपईच्या पुढे, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, ओळखीच्या एकाच्या कुळागरातून (पोफळी-माडांच्या बागेतून) वर चढणारी वाट आहे. पाऊस असा की रेनकोट घातला काय, नाही घातला काय. जळवा मोजायचं अर्ध्या वाटेवरच सोडून दिलं. पण फुलं! दर शंभर पावलांवर कुणीतरी ‘अरे ही बघ लिली’ म्हणायचं. घरी पोचेपर्यंत आमच्या खात्यात पाच लिल्या जमा.

फोटो चढवून पाहिले, चढत नाहीत. तसंही लेन्सच्या आत वाफ धरली होती. म्हणून शब्दांतच सांगतो.

पहिलं : पिवळीधमक चांदणी, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी. देठच नाही, जमिनीतून थेट फूल वर आलेलं. पानं माडाच्या कोवळ्या रोपासारखी, चुण्या पडलेली.

दुसरं : वर कातळावरच्या गवतात बारीक पांढऱ्या चांदण्यांच्या काड्या. शेकडो.

तिसरी कळलावी, ती मलाही कळते. पण एकाच वेलावर खाली लाल आणि वर हिरवट पिवळी फुलं होती. दोन जाती एकमेकींत गुंतल्या होत्या का?

चौथं : व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी, गुडघाभर उंच जाड दांड्यावर मोठी पांढरी फुलं. पाकळ्या अरुंद, केसर तांबूस. वास छान. एक दांडा पाण्याकडे लवंडला होता.

पाचव्यासाठी मुख्य म्हणजे हा धागा. गर्द रानात, जिथे दिवसाही टॉर्च लावावासा वाटतो तिथे, पांढरं कोळ्यासारखं फूल. मधे पातळ पापुद्र्याची वाटी, वाटीच्या काठातून निघालेले केसर, आणि सहा लांब दोऱ्यांसारख्या पाकळ्या. पंधरा-वीस झाडं, जणू आमच्या फोटोसाठीच छान ओळीत उभी होती. आमच्यातल्या एकाने तर ‘नवीन जात सापडली, तुझं नाव देऊ’ असं जाहीर करून टाकलं.

आणि एक गेल्या आठवड्यातलं, पेडण्यातल्या एका सड्यावरचं (कातळपठारावरचं) : काडीवर एका अंगाला झुकलेली लांब नळीची पांढरी फुलं, संध्याकाळी.

नावं सांगा. घरी बायको विचारते, ‘एवढं भिजून काय आणलंस?’

सडेकर | ७ जुलै, रात्री १०:०५

पहिलं काळी मुसळी. डोळे मिटून सांगतो. त्या फुलाला देठ दिसत नाही कारण त्याचा बीजकोश जमिनीखाली असतो. देठ म्हणून जे वाटतं ती फुलाचीच नळी. फळही मातीतच धरतं. पानाचं टोक मातीला टेकलं की तिथून नवं रोप फुटतं, पुढच्या वेळी बघा.

दुसरं क्लोरोफायटम. फोडशीची रानभाजी ज्या गोतातली त्यातलंच काहीतरी. नक्की कुठलं ते बोंड आल्याशिवाय सांगत नाही. बोंड तीन पंखांचं असतं.

पेडण्याच्या सड्याचं नाव कृपया इथे लिहू नका. कारण उद्या सांगतो, आता झोपतो.

माटोळीवाली | ७ जुलै, रात्री १०:३१

रानभूल भाऊ, दोन जाती नाहीत, एकच बाई दोन लुगड्यांत. कळलावीचं फूल उमलतं तेव्हा हिरवट पिवळं असतं, मग कडेकडेने पेटत जातं आणि शेवटी सगळं तांबडं. वेल वर वाढतो, म्हणून जुनी फुलं खाली आणि नवी वर. खाली लाल, वर पिवळी हे अगदी बरोबर आहे. अग्निशिखा नाव उगाच नाही पडलं.

आणखी एक गंमत. फूल तोंड खाली करून लटकतं आणि पाकळ्या मात्र उलट वर वळतात. केसर चहूबाजूंनी आडवे पसरलेले. मधली काडी, जिच्या टोकाला पराग चिकटायचे ती, मुळाशीच काटकोनात मोडल्यासारखी बाजूला वळलेली. फुलपाखरू फुलाभोवती फडफडलं की पंख आपसूक आधी केसरांना आणि मग त्या काडीला घासतात. पानाच्या टोकाचा दोरा होऊन तो आधाराला गुंडाळतो. वेगळे ताणे नाहीत, पानच हात होतं.

आमच्या घरी चवथीला माटोळीत (गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं टांगतात ती) हे फूल बांधतात. ते आणायचं काम पप्पांचं, आम्हा मुलांना हात लावायची परवानगी नव्हती. आजी म्हणायची, ‘हात लावंक नाका गो बाय, विखारी तें.’ कळलावी नावाचा अर्थही तिनेच सांगितला होता, पण लग्नानंतर! कंद उगाळून पोटाला लावला की कळा लागतात, म्हणून कळ-लावी. कुणी करून बघू नका हो, सांगायची गोष्ट म्हणून सांगितली.

पेडण्याचा पाव | ७ जुलै, रात्री ११:१२

सहाही लिलीच आहेत. सहा पाकळ्या म्हणजे लिली. विषय संपला. झोपा आता.

जुनी टाचणवही | ८ जुलै, सकाळी ६:२०

विषय संपला नाही, पावबाबा, आता सुरू होतोय.

गोव्यात एकही खरी लिली रानात उगवत नाही. ‘लिलियम’ या वंशाची, म्हणजे फुलवाल्याकडे दीडशे रुपयांना काडी मिळते त्या बिरादरीची, आपल्या दक्षिण भारतात एकच देशी लिली आहे आणि ती निलगिरी-पळणीच्या उंच डोंगरांवर. पांढरी, हातभर लांब वाटावी अशी कर्ण्यासारखी. आमची सहल उटीला गेली होती तेव्हा एका दरडीवर पाहिली. बस थांबवा म्हटलं तर ड्रायव्हर थांबला नाही, ते दुःख अजून आहे. बाकीच्या हिमालयात आणि ईशान्येला. मणिपूरच्या उखरुलजवळ शिरुई डोंगरावरची फिकट गुलाबी लिली तुम्ही ऐकली असेल. १९४६ साली वनस्पती शोधत फिरणारे फ्रँक किंग्डन-वॉर्ड तिथे गेले आणि पुढे त्या फुलाला त्यांच्या पत्नीचं, जीन मॅकलिन यांचं, नाव मिळालं. ते मणिपूरचं राज्यफूल आहे. (रानभूल यांच्या मित्राने नोंद घ्यावी, नाव असं मिळतं. डोंगर मात्र योग्य निवडावा लागतो.)

मग आपल्याकडच्या या कोण? आम्ही शिकलो तेव्हा या सगळ्या लिलिएसी नावाच्या एका मोठ्या वाड्यात राहत होत्या. शतावरी, कोरफड, कांदा, कळलावी, मुसळी, सगळं एकत्र कुटुंब. १९९८ पासून जनुकांच्या अभ्यासावर नवी मांडणी आली आणि वाटण्या झाल्या. कळलावी गेली कोल्चिकेसीत. फोडशी, शतावरी आणि सड्यावरची दीपकाडी अ‍ॅस्परागेसीत. काळी मुसळीचं वेगळंच छोटं घर, हायपॉक्सिडेसी. व्हाळाकाठचं फूल कांदा-लसणीच्या जवळचं, अ‍ॅमरिलिडेसी. सहा पाकळ्या एवढ्यावर नातं ठरवणं म्हणजे कपाळावर टिळा दिसला की आपल्या गावचा म्हणण्यासारखं.

बघायची जागा सांगतो. फूल आडवं धरा आणि पाकळ्या जिथे जुळतात तिथे बोट ठेवा. हिरवा फुगीर बीजकोश पाकळ्यांच्या वर, फुलाच्या आत दिसतो का? मग कळलावी, फोडशी, दीपकाडीच्या बाजूला शोधा. पाकळ्यांच्या खाली, देठावर गाठ आल्यासारखा आहे? मग क्रायनम, पॅन्क्रेशियमकडे. या एका गोष्टीने निम्मी भांडणं मिटतात. आणि नेमका हाच भाग कुणी फोटोत घेत नाही. सगळे समोरून फोटो काढतात, जणू फुलाचं आधारकार्ड करायचंय. फूल बाजूनेही घ्या, खाली पान घ्या, पानाचं बूड घ्या, शेजारी आपलं बोट किंवा रुपयाचं नाणं ठेवा. मोबाइलला काय रीळ संपायची भीती?

चौथं क्रायनम आहे. केसर सुटे, वाटी नाही, पाकळ्या अरुंद आणि जागा व्हाळाची, म्हणजे बहुधा क्रायनम विविपेरम. पाकळ्या रुंद, घंटेसारख्या आणि मधोमध गुलाबी पट्टा असता तर गडंबीकंद म्हटलं असतं. दांडा लवंडला होता हे तुम्ही बरं लिहिलंत. फळं जड झाली की दांडा आडवा होतो आणि बी आईपासून दूर पडतं. बी कसलं, हिरवा बटाटाच तो. वर टरफल नाही, पाण्यावर तरंगतो आणि पडल्या जागी कोंब काढतो. व्हाळाकाठी राहण्याची सगळी तयारी.

पाचवं तुमच्या वर्णनावरून पॅन्क्रेशियम. वाटी आहे, केसर वाटीच्या काठातून निघतात, बीजकोश खाली असणार. आपल्या रानात पहिल्या पावसाबरोबर येतं. अभिनंदन.

चोर्ल्याचं धुकं | ८ जुलै, सकाळी ८:५०

टाचणवही सरांशी सहमत, पाचवं पॅन्क्रेशियमच. मी जूनमध्ये घाटात पाहिलंय. ही घ्या पार्टी, रानभूल!

रानभूल | ८ जुलै, दुपारी १:१५

धन्यवाद सर! एवढ्यात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव ‘पॅन्क्रेशियम सिक्स’ झालंसुद्धा.

कुळागर | ८ जुलै, दुपारी ३:३०

थोडं अवांतर, पण लिहितोच, कारण वर फोडशीचा विषय निघाला.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या बागायतीच्या वरच्या मोरडीत (डोंगरउतारावर) फोडशी काढायला गेलो. दरवर्षी आई काढायची, त्या वर्षी तिचा गुडघा दुखत होता. मी म्हटलं, त्यात काय, हिरवी लांब पानं, मी बघितलीयत आयुष्यभर. चाकूने वरच्या वर कापत पिशवी भरली. घरी बायकोने कांदा-मिरची घालून चण्याच्या डाळीबरोबर केली. मुलांनी नशिबाने तोंड वाकडं केलं आणि अंडं खाल्लं. आम्ही दोघं जेवलो. तासाभरात पोटात ढवळायला लागलं आणि मग रात्रभर मोरीत जा-ये. हॉस्पिटलात डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, ‘भाजी कसली होती, थोडी आणलीय?’ आणलेली नव्हती. उरलेली बायकोने घाबरून गटारात टाकली होती. सलाइन लागलं, सकाळी सोडलं.

दुसऱ्या दिवशी आई काठी टेकत मोरडीत आली. मी कापलेले बुडखे तसेच होते. एक उपटला : पांढऱ्या मुळ्यांचा झुपका, फोडशी. दुसरा, तसाच. तिसरा उपटला तर खाली गोल कांदा. आईने तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, ‘हें कितें?’ बस, एवढंच. फोडशीला कांदा नसतो. मी वरच्या वर कापल्यामुळे खालचं काही बघितलंच नव्हतं. कुठल्या झाडाचा कांदा होता ते फूल आलं नाही म्हणून कधी कळलं नाही. जुलैत गुरांनी तो भागच तुडवला.

म्हणून सरांना विचारतो, पानांवरून ओळखायची खूण आहे का काही?

जुनी टाचणवही | ८ जुलै, सायंकाळी ५:४५

कुळागर, स्वस्तात सुटलात. क्रायनम, पॅन्क्रेशियम, रानकांदा या सगळ्यांच्या कांद्यात कमी-जास्त विष असतं. पहिल्या पावसात, फुलं यायच्या आधी, सगळ्यांची पानं गवतातून एकाच वेळी वर येतात आणि हिरव्या लांब पट्ट्यांत नवख्याला फरक करता येत नाही. तुमच्या आईची खूण चांगली, पण तीही पुरी नाही. कळलावीला गोल कांदा नसतो, तिचा कंद दुबेळका, नांगराच्या फाळासारखा. संस्कृतात लांगली म्हणतात ते त्यावरूनच. तिच्या कोवळ्या पानाचं टोक मात्र बारीक होऊन वळायला लागलेलं असतं, ते बघावं.

कळलावीबद्दल सरळ लिहितो. तिच्यात कोल्चिसिन असतं. सांधेदुखीच्या एका प्रकारावर हेच द्रव्य अगदी मोजून गोळीतून देतात, आणि पिकांच्या पेशींतली गुणसूत्रं दुप्पट करायला प्रयोगशाळांत वापरतात. कंद पोटात गेला तर सुरुवातीचे काही तास काहीच वाटत नाही, त्यामुळे लोक निर्धास्त राहतात. मग उलट्या-जुलाब, आणि पुढे एकेक अवयव बंद पडू शकतो. वाचलेल्यांचे केस आठ-पंधरा दिवसांनी गळतात. कंद रताळ्यासारखा दिसतो म्हणून चुका होतात. असं काही झालंच तर घरचे उपाय करत बसू नका, १०८ लावा आणि उरलेला कंद किंवा भाजी पिशवीत घालून बरोबर न्या.

पेडण्याचा पाव | ८ जुलै, सायंकाळी ६:०२

आमच्या दारात कळलावी लावलीय. शोभेला. आता रात्री झोप येईल का मला?

माटोळीवाली | ८ जुलै, सायंकाळी ६:१०

येईल. तुम्ही पाव खा, कंद खाऊ नका.

सडेकर | ८ जुलै, रात्री ९:२०

सड्याचं नाव का लिहू नका म्हटलं ते सांगतो.

ते फूल दीपकाडी आहे. शास्त्रीय नाव डिपकॅडी आणि मराठीत दीपकाडी. इतकं चपखल बसतं की मला कित्येक वर्षं ते मराठीवरूनच घेतलंय असं वाटायचं. आमच्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या सड्यांवरची मोठ्या पांढऱ्या फुलांची ती डिपकॅडी कोंकनेन्स. एकोणिसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेलसाहेबांनी तिचं वर्णन केलं. आणि गोव्याच्या नावाची एक वेगळीही आहे, डिपकॅडी गोएन्स. तुमची यांपैकी कुठली ते शब्दांवरून सांगणार नाही. बाजूने काढलेला फोटो आणि नाण्याचं माप हवं.

ओळखायची खूण : फुलाच्या बाहेरच्या तीन पाकळ्या मागे वळतात आणि आतल्या तीन जास्त वेळ नळीसारख्या एकमेकींना धरून राहतात. फुलं काडीच्या एकाच अंगाला. कोंकनेन्स संध्याकाळी उमलते आणि वास सुटतो. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी सड्यावर बसून होतो, ऊन उतरलेलं, गवत नुसतं हिरवं. दहा मिनिटांनी मान वळवली तर मागे पन्नासेक पांढऱ्या काड्या उभ्या. पेटवल्यासारख्या.

आता मुद्दा. सडा म्हणजे लोकांच्या लेखी रिकामी जागा. आठ महिने काळा करपलेला कातळ, मग गाड्या फिरवा, चिरे काढा, कचरा टाका. दीपकाडीचा कांदा त्याच कातळाच्या भेगेत, वीतभर मातीत झोपलेला असतो. नुसत्या गाड्यांनीही तो चिरडतो. त्यावर कुणी जागेचं नाव टाकलं की पुढच्या रविवारी पंचवीस जण कॅमेरे घेऊन येतात, आणि त्यातल्या दोघांना कुंडीत लावायला कांदा हवा असतो. तालुक्यापुरतं सांगा, पुढे थांबा.

रानभूल | ८ जुलै, रात्री ९:४५

पटलं. वर मी तालुकाच लिहिला होता, पण दुसऱ्या एका ग्रुपवर टेकडीचं नाव टाकलं होतं. काढलं.

चोर्ल्याचं धुकं | ९ जुलै, सकाळी ७:३०

मग ‘लिली’ म्हणून काय काय खपवलं जातं त्याची यादी कुणीतरी करा राव. मला सापकांद्याला लोक कोब्रा लिली म्हणताना ऐकून हसू येतं. तो तर सुरण-शेवळाच्या घरातला. सोनटक्क्याला जिंजर लिली म्हणतात, तो आल्याच्या घरातला. शिवाय पहिल्या पावसात बंगल्यांच्या कुंपणाला गुलाबी रांगा फुटतात ती पावसाळी लिली, म्हणजे झेफिरँथस, तीही अमेरिकेकडची पाहुणी.

आणि एप्रिलमध्ये करपलेल्या डोंगरावर पान नसताना नुसती लांब काडी येते, त्यावर मळकट फुलं, ती?

सडेकर | ९ जुलै, सकाळी ७:५५

रानकांदा. कोळकांदाही म्हणतात. फूल आधी, पान पावसानंतर. उन्ह उतरल्यावर उमलतो म्हणून दिवसा जाणाऱ्याला मळकट वाटतो. एकदा रात्री जाऊन बघा.

वेलबुट्टी | ९ जुलै, सकाळी ११:०५

मी इथे फारशी लिहीत नाही. पणजीत गच्चीवर बाग आहे, रानाबिनात जायचे गुडघे राहिले नाहीत. पण पाचव्या फुलाबद्दल कालपासून डोक्यात किडा आहे.

रानभूल, तुम्ही लिहिलंय की झाडं ‘ओळीत’ होती. रानातलं कांद्याचं झाड ओळीत उगवतं का हो? आणि पाकळ्या ‘दोऱ्यांसारख्या’ म्हणालात. पान केवढं रुंद होतं? माझ्याकडे कुंडीत आहे ती स्पायडर लिली, हायमेनोकॅलिस. तिलाही पापुद्र्याची वाटी असते, वाटीच्या काठातूनच केसर निघतात आणि बीजकोशही खालीच. ती मूळची अमेरिकेतली. सरांच्या सगळ्या खुणा तिलाही लागू पडतात. रागावू नका सर.

जुनी टाचणवही | ९ जुलै, सकाळी ११:४०

वेलबुट्टीताई, रागावतोय कसला, कान पकडतोय. ओळीत हा शब्द मी वाचला आणि पुढे गेलो. चाळीस वर्षं पोरांना ‘आधी वर्णन नीट वाचा’ म्हणून झोडपलं, त्याचं हे फळ.

रानभूल, पार्टी थांबवा. आता एवढं बघून या. आपल्या पॅन्क्रेशियमची पानं अरुंद, थोडी, निळसर झाक असलेली, उन्हाळ्यात वाळून जाणारी. हायमेनोकॅलिसचा झुपका दाट, पट्ट्यासारखी दोन-तीन बोटं रुंद चकचकीत पानं, बारा महिने हिरवी. खरी परीक्षा बियांची. पॅन्क्रेशियमचं बोंड फुटलं की काळं बी. हायमेनोकॅलिसचं बी हिरवं, मांसल, मोठं. आणि ताईंनी विचारलं तेच मुख्य : ओळीच्या दोन्ही टोकांना काय आहे?

पेडण्याचा पाव | ९ जुलै, दुपारी १२:०१

‘पॅन्क्रेशियम सिक्स’चं काय आता? 😄

रानभूल | १४ जुलै, रात्री १०:१८

आज परत जाऊन आलो. या वेळी दोघंच, मी आणि तो नवीन जातवाला मित्र. पाऊस कमी होता. नाणं, पट्टी, कोरडं फडकं, सगळं घेऊन गेलो.

पान : पावणेतीन बोटं रुंद, चकचकीत. झुपके दाट. एका दांड्यावर फळ धरलेलं, आत कच्च्या बोराएवढं हिरवंगार गुळगुळीत बी. काळं काही नाही. बाजूने फोटो काढले, बीजकोश पाकळ्यांच्या नळीखाली.

आणि ओळीच्या टोकाला... पहिल्या खेपेला आम्ही त्यावर बसून भेळ खाल्ली होती! चिऱ्यांचा चौथरा. शेवाळ आणि नेच्यांनी इतका झाकलेला की नुसता उंचवटा वाटत होता. मित्राने काठीने पानं बाजूला केली तर पायऱ्या निघाल्या, तीन. त्यांच्या समोर वीसेक पावलांवर एक चौकोनी खांबासारखं काहीतरी, वर उंबराचं रोप फुटलेलं. तुळशीवृंदावन होतं ते. एका बाजूला दिव्याचा कोनाडा अजून शाबूत. फुलांची ओळ पायऱ्यांपासून वृंदावनापर्यंत, सरळ. दोन्ही बाजूंना असणार. एका बाजूची व्हाळाने नेलेली दिसते.

खाली येताना कुळागरवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, वर दोन घरं होती, रस्ता-वीज झाली तसे लोक खाली आले. त्यातल्या एका घरच्या आजी अजून आहेत, इथेच, तिसऱ्या घरात. मी फोन हातात घेऊनच गेलो. आजी पडवीत भिरणां सोलत बसल्या होत्या. सुरुवातीला त्यांना आम्ही वीजबिलवाले वाटलो. फोटो मोठा करून दाखवला. चष्मा लावला, काढला, परत लावला.

म्हणाल्या, ‘तीं म्हजे मांयन लायल्लीं.’ सासूबाईंनी लावलेली. कुठून आणली विचारलं तर डिचोलीच्या बाजूला त्यांच्या माहेराहून, एवढंच आठवतं. आणि नाव? ‘नांव खबर ना. आमी धवीं फुलां म्हणटालीं.’ पांढरी फुलं, बस.

जुनी टाचणवही | १४ जुलै, रात्री १०:४०

हायमेनोकॅलिस. माझी चूक, वेलबुट्टीताईंचा शंभर टक्के निकाल. धाग्यात वर मी दिलेलं पॅन्क्रेशियम कृपया कुणी पुढे पाठवू नका.

वेलबुट्टी | १४ जुलै, रात्री १०:५२

मला निकाल नको सर, तो वृंदावनाचा फोटो हवा आहे. साइट फोटो घेत नसेल तर व्यक्तिगत निरोपात पाठवा.

रानभूल | १४ जुलै, रात्री ११:०५

पाठवतो. एक काम राहिलंय. निघताना आजींनी विचारलं, वर पुन्हा जाणार असशील तर दोन कांदे आणशील का, मला आता चढवत नाही, इथे दारात लावते. जागा त्यांचीच, अभयारण्यातली नाही, तेव्हा काढायला हरकत नसावी. पण कांदा काढायची आणि लावायची रीत मला ठाऊक नाही. पावसात काढला तर कुजेल का?

वेलबुट्टी | १५ जुलै, सकाळी ६:४०

कुजत नाही, तिला पाणी आवडतं. झुपक्याच्या कडेचे लहान कांदे घ्या, मधला मोठा हलवू नका. कुदळ लांबून घाला, मुळं तुटू देऊ नका. पानं अर्ध्यावर कापा, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा आणि त्याच दिवशी लावा. कांद्याची मान मातीच्या वर राहू दे, खोल पुरू नका. पडवीच्या पागोळ्या पडतात तिथे लावलीत तरी चालेल. यंदा फूल येईलच असं नाही, हे आजींना आधीच सांगा.

कुळागर | १५ जुलै, सकाळी ७:१५

येत्या रविवारी मीपण येतो. कुदळ माझ्याकडे आहे. वाळपई बसस्टँडवर सातला.